तेरावा रॅक

नेदरलँड्समधल्या जुन्या कॅफेत बिलियर्ड्सचं टेबल दिसलं, तर त्याला बहुधा पॉकेटंच नसतात. चारी बाजूंनी बंद टेबल आणि त्यावर फक्त तीन बॉल. आपल्या बॉलने उरलेल्या दोन्ही बॉलना शिवायचं, की एक गुण. या कॅरम्बोल प्रकारातला सगळ्यांत अवघड खेळ म्हणजे थ्री-कुशन. त्यात दुसऱ्या बॉलला लागण्याआधी आपला बॉल किमान तीनदा कडेच्या कुशनवर आपटावा लागतो. डिक यास्पर्स हा डच खेळाडू २००० साली या खेळात जगज्जेता झाला आणि पुढेही वारंवार होत राहिला. डच माणसाला बिलियर्ड्स म्हटलं की यास्पर्स आठवतो. पूल हा तिथे मागाहून आलेला अमेरिकन पाहुणा.

आपल्याकडेही चित्र फार वेगळं नाही. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये बिलियर्ड्सचं जागतिक हौशी विजेतेपद मिळवलं. पुण्यातच जन्मलेल्या पंकज अडवाणीने बिलियर्ड्स आणि स्नूकरमध्ये जागतिक किताबांची रास लावली. स्नूकरचा तर जन्मच १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये झाला. पूल मात्र आपल्या डोक्यात पार्लरमध्ये तासाच्या हिशेबाने खेळायची करमणूक म्हणूनच बसला आहे. कोणी त्यावर आयुष्य काढतं, रोज सहा-सात तास त्यासाठी घाम गाळतं, हे आपल्याला पटकन खरं वाटत नाही. म्हणून या प्रकरणासाठी नील्स फेयेन निवडला. ३ फेब्रुवारी १९७७ रोजी हेगमध्ये जन्मलेला हा खेळाडू पूलजगतात ‘टर्मिनेटर’ या नावाने ओळखला जातो. दोन वेगवेगळ्या प्रकारांत तो जगज्जेता झाला. पण त्याची कारकीर्द समजून घ्यायची तर जिंकलेल्या सामन्यांआधी हरलेल्या सामन्यांकडे बघावं लागतं, कारण त्याच्या वाट्याला आलेले पराभव साधे नव्हते.

आधी थोडं खेळाविषयी. व्यावसायिक पूलमध्ये सर्वाधिक चालतो तो नाइन-बॉल. टेबल नऊ फूट लांब, साडेचार फूट रुंद. एक ते नऊ क्रमांकांचे रंगीत बॉल हिऱ्याच्या आकारात रचायचे, नऊ नंबरचा मधोमध. पांढऱ्या बॉलने ही रचना फोडायची, म्हणजे ब्रेक. त्यानंतर नियम एकच: टेबलावर जो सर्वांत लहान क्रमांकाचा बॉल असेल, त्याला पांढरा बॉल आधी लागला पाहिजे. त्यानंतर कोणताही बॉल पॉकेटात गेला तरी चालतो. नऊ नंबरचा नियमात बसून गेला, की तो डाव, म्हणजे तो रॅक, तुमचा. आधीचे आठच्या आठ बॉल प्रतिस्पर्ध्याने घातले असले आणि तुम्ही शेवटचा एकच घातला, तरी रॅक तुमचाच. खेळ क्रूर आहे, आणि टीव्हीला तो आवडतो याचं कारणही हेच.

कॅरम खेळलेल्या माणसाला यातली खरी मेख लगेच कळेल. कॅरममध्ये स्ट्रायकर दर वेळी आपल्या रेघेवर हवा तिथे ठेवता येतो. पूलमध्ये पांढरा बॉल जिथे थांबला, तिथूनच पुढचा फटका. त्यामुळे समोरचा बॉल पॉकेटात घालणं हे निम्मंच काम. घालताना पांढरा बॉल पुढच्या बॉलसाठी सोयीच्या जागी नेऊन थांबवणं हे उरलेलं निम्मं. त्याला ‘पोझिशन’ म्हणतात.

हे कसं साधतं ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे. पांढरा बॉल समोरच्या बॉलला तिरका लागला आणि त्या क्षणी तो पुढेही फिरत नसेल, मागेही नाही, नुसता घसरत असेल, तर दोन्ही बॉल एकमेकांशी काटकोन करून निघतात. तोच पांढरा बॉल नीट गडगडत येऊन समोरच्याच्या साधारण अर्ध्यावर लागला, तर तो आपल्या मूळ दिशेपासून फक्त तीसेक अंश वळतो. खाली मारलेल्या फटक्याने तो उलटा फिरत मागे येतो, वर मारला तर पुढे धावतो, डाव्या-उजव्या बाजूला मारला तर कुशनवरून निघताना कोन बदलतो. क्यूच्या, म्हणजे काठीच्या, चॉक लावलेल्या टिपेचा आणि बॉलचा संपर्क सेकंदाच्या जेमतेम हजाराव्या भागापुरता असतो. एवढ्यात सगळं ठरतं. नंतर हात काही करू शकत नाही. फेयेनचा खेळ बघताना हेच जाणवतं: त्याचा पांढरा बॉल फार भटकत नाही. कमीत कमी अंतर, कमीत कमी कुशन, आणि पुढचा फटका सोपा. प्रेक्षकांच्या टाळ्या अवघड फटक्याला पडतात, पण या खेळातले जाणते लोक ज्याला अवघड फटका मारावाच लागत नाही त्याच्याकडे आदराने बघतात.

पूलमध्ये एक खुर्चीही असते. टेबलापासून काही पावलांवर, शेजारी पाण्याची बाटली आणि टॉवेल. प्रतिस्पर्धी खेळत असेतोवर तुम्ही तिथे बसायचं. टेनिसमध्ये समोरच्याचा चेंडू परतवता येतो, बुद्धिबळात त्याच्या चालीवर विचार करता येतो. इथे तो चुकेपर्यंत तुमच्या हातात काहीही नसतं. रॅक जिंकणाऱ्यानेच पुढचा ब्रेक करायचा असा नियम असला, तर चांगला खेळाडू लागोपाठ चार-पाच रॅक काढून जातो आणि तुम्ही क्यू मांडीवर घेऊन बघत राहता. हात गार पडतात, नजर सैल होते. मग अचानक उठून, एका अवघड कोनातून, सामना वाचवायचा असतो. फेयेनच्या कारकिर्दीचा मोठा भाग या खुर्चीशी जुळवून घेण्यात गेला, असं मला वाटतं.

ती खुर्ची त्याला पहिल्यांदा जगासमोर भेटली टोकियोतल्या एका स्पर्धेत, २००१ साली. सातशेहून जास्त खेळाडू, एकूण बक्षीस दहा कोटी येन, विजेत्याला दोन कोटी येन. पूलमध्ये त्याआधी इतकं मोठं पहिलं बक्षीस कोणी दिलं नव्हतं. या गर्दीतून चोवीस वर्षांचा फेयेन थेट अंतिम फेरीत पोहोचला. समोर होता एफ्रेन रेयेस. फिलिपिन्सचा हा खेळाडू तेव्हा सत्तेचाळिशीच्या आसपास होता. १९९९ चा नाइन-बॉल जगज्जेता, आणि अनेकांच्या मते या खेळाने पाहिलेला सर्वांत मोठा कलावंत. त्याला ‘जादूगार’ म्हणत. पॉकेटाकडे जाणारा रस्ता बंद असला, की रेयेस दोन-तीन कुशनांवरून फिरवून बॉलला बॉल लावायचा, आणि वर समोरच्याला काही सुचणार नाही अशी जागा मागे ठेवायचा. त्याने तो अंतिम सामना १५-७ असा जिंकला.

सात रॅक. इतक्या मोठ्या सामन्यातल्या या पराभवाने एखादा खचून गेला असता. पण या आकड्याची दुसरी बाजूही आहे. पूल जिथे घरचा खेळ नव्हता अशा देशातला मुलगा त्या काळच्या सर्वांत श्रीमंत स्पर्धेत शेवटच्या दोघांत उरला होता. युरोपातून अशी फळी तेव्हा उभी राहत होती. जर्मनीत ओलिव्हर ओर्टमान आणि राल्फ सूके होते. नेदरलँड्समध्ये अलेक्स लेली, निक व्हॅन डेन बर्ग आणि फेयेन. पुढे हुइजी सी हा डच खेळाडू २०११ मध्ये मनिलात टेन-बॉलचा जगज्जेता झाला. अमेरिकन पूलची परंपरा बारमधली, पैजांची, रात्रभर जागून समोरच्याचे खिसे रिकामे करण्याची. पॉल न्यूमनच्या ‘द हसलर’ने हे जग १९६१ मध्येच पडद्यावर आणलं होतं. युरोपीय खेळाडू आले ते क्लबमधून, लीगमधून, प्रशिक्षकांच्या हाताखालून. फेयेन या दुसऱ्या घराण्यातला. व्यायामशाळा, आहार, ठरलेला सराव, चुकलेल्या फटक्याचं त्याच दिवशी विश्लेषण, या सगळ्यासाठी तो ओळखला जातो. ‘टर्मिनेटर’ हे नाव भयंकर वाटतं, पण टेबलापाशी दिसतो तो शांत, नम्र, दर फटक्याआधी तीच ती पावलं टाकणारा माणूस. मागे उभं राहून रेघ बघायची, पुढचा पाय टाकायचा, खाली वाकायचं, क्यू तीन-चारदा मागेपुढे, क्षणभर थांबणं, आणि फटका. पहिल्या रॅकला आणि चोविसाव्या रॅकला हीच लय राखायची, एवढ्यासाठी हजारो तासांचा सराव असतो.

ही लय किती ताणली जाऊ शकते, ते २०१० मध्ये फुजैराला दिसलं. संयुक्त अरब अमिरातीतल्या या शहरात एट-बॉलची जागतिक स्पर्धा होती. एट-बॉल म्हणजे आपल्या पार्लरमध्ये मुलं खेळतात तो प्रकार: एकाचे पूर्ण रंगाचे सात, दुसऱ्याचे पट्ट्यांचे सात, आणि शेवटी काळा आठ नंबर. अंतिम सामना तेरा रॅकचा, म्हणजे आधी तेरा रॅक घेईल तो विजेता. समोर इंग्लंडचा कार्ल बॉयस. दोघंही बारावर पोहोचले. या स्थितीला पूलवाले ‘हिल-हिल’ म्हणतात: एकच रॅक उरलेला, जो घेईल तो जगज्जेता. बॉयसने तो घेतला. १३-१२.

हा पराभव टोकियोपेक्षा जड होता असं म्हणायला हरकत नाही. १५-७ मध्ये समोरचा सरस होता असं मनाला समजावता येतं. १३-१२ मध्ये दोघांत फरक नसतो. चोवीस रॅकमध्ये तुम्ही बरोबरीत राहता, आणि पंचविसाव्यात एखादा बॉल ब्रेकनंतर अर्धी वीत इकडे थांबतो की तिकडे, यावर पाटी बदलते. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, फेयेन पुन्हा त्याच शहरात, त्याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत होता. हरलेल्या जागी एका वर्षात परत जाऊन शेवटपर्यंत पोहोचणं मला त्याच्या काही विजेतेपदांइतकंच मोठं वाटतं. या वेळी फिलिपिन्सच्या डेनिस ओर्कोयोने त्याला १०-३ असं बाजूला सारलं. चुरशीची संधीच मिळाली नाही.

या वर्षांत त्याला सावरणारी एक जागा होती: मॉस्कोनी कप. विली मॉस्कोनी या अमेरिकन दिग्गजाच्या नावाने १९९४ पासून चालणारी ही युरोप विरुद्ध अमेरिका अशी सांघिक लढत. एकेकटं खेळण्याची सवय असलेले पाच जण एका बाकावर बसतात. सामने आखूड, पाच रॅकचे. फटक्याला तीस सेकंदांचं घड्याळ. आणि प्रेक्षक! पूलमध्ये एरवी टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता असते; इथे फुटबॉलच्या मैदानासारखा गोंगाट, गाणी, हुर्यो. अकरा गुण आधी मिळवेल तो संघ जिंकतो. युरोपने २०१० ते २०१७ अशी सलग आठ वर्षं हा कप आपल्याकडे ठेवला आणि त्यातल्या बहुतेक वर्षी फेयेन संघात होता. २०१३ मध्ये लास वेगासमध्ये, अमेरिकनांच्या घरात, युरोपने ११-२ असा विजय मिळवला. एकट्याच्या अंतिम सामन्यात दुसरा येणारा फेयेन संघासाठी मात्र भरवशाचा खांब होता. खुर्चीत एकट्याने बसण्यापेक्षा बाकावर चौघांबरोबर बसणं वेगळं, हे उघड आहे. पण आखूड सामन्यात सावरायला वेळ नसतो, पहिल्या फटक्यापासून लय लागावी लागते, आणि ती त्याच्याकडे होतीच.

मग आला २०१४ चा जून. नेदरलँड्सचे डोळे त्या महिन्यात ब्राझीलकडे लागले होते. फुटबॉल विश्वचषकात डच संघाने गतविजेत्या स्पेनला ५-१ असं धुतलं होतं आणि घराघरांवर नारिंगी पताका होत्या. त्याच दिवसांत कतारच्या दोहा शहरात, अल् अरबी स्पोर्ट्स क्लबमध्ये, नाइन-बॉलची जागतिक स्पर्धा चालू होती. १२८ खेळाडू. आधी गट, त्यातून ६४ जण पुढे, आणि तिथून प्रत्येक सामना बाद पद्धतीचा. म्हणजे किताबासाठी लागोपाठ सहा सामने जिंकायचे, एकही वाईट दिवस परवडणार नाही.

फेयेन सदतिसाव्या वर्षी अंतिम फेरीत आला. समोर ऑस्ट्रियाचा आल्बिन ओशान, वय तेवीस. टोकियोत रेयेससमोर तरुण फेयेन उभा होता. इथे वयाचं पारडं उलटं होतं. ओशान हा कोणी नशिबाने आलेला पाहुणा नव्हता. पुढे २०१६ आणि २०२१ अशी दोन वर्षं तो याच प्रकारात जगज्जेता झाला, यावरून त्याची ताकद कळावी. सामना पुन्हा तेरा रॅकचा. फेयेनने तो १३-१० असा घेतला.

या विजयाबद्दल लिहिताना ‘अखेर न्याय मिळाला’ असं म्हणायचा मोह होतो. मला ते पटत नाही. पूलमध्ये न्याय वगैरे नसतो. तिथे शक्यता असते आणि ती वाढवत न्यायची असते. ब्रेक थोडा सुधारला की दहातून एखादा रॅक जास्त मिळतो. अडचणीत आल्यावर बॉल पॉकेटात घालायच्या भरीस न पडता पांढरा बॉल लपवून ठेवला, म्हणजे सेफ्टी खेळली, की आणखी एक. ब्रेकनंतरच्या पहिल्या फटक्याला एक मुभा असते, ‘पुश आउट’: पांढरा बॉल कुठेही सरकवून ठेवायचा आणि समोरच्याला विचारायचं, तू खेळतोस की मी खेळू? इथे खेळाडूचा अंदाज कसाला लागतो. अशा ठिकाणी मिळवलेला अर्धा-अर्धा रॅक गोळा होत जातो. १३-१२ आणि १३-१० यांच्यातलं अंतर इतकंच असतं. फेयेनने वीसेक वर्षं ते अंतर कमी करण्यात घातली. नंतरच्या काळात त्याने आपल्या सरावाच्या पद्धती व्हिडिओंमधून आणि शिकवण्यांमधून खुल्या केल्या. कोणता बॉल कुठे ठेवायचा, पांढरा कुठे थांबवायचा, किती वेळा जमलं तर पुढे जायचं, सगळं उघड सांगून. पैजेच्या पूलमध्ये आपली विद्या झाकून ठेवणं हाच धर्म होता. तिथून इथवर खेळ आला, त्यात फेयेनच्या पिढीचा मोठा वाटा आहे.

दोह्याचं विजेतेपद हे त्याचं सर्वांत गाजलेलं. तरीही मला विचाराल तर फेयेन नेमका कसा खेळाडू आहे हे सांगणारं विजेतेपद दुसरंच आहे. ते २००८ सालचं, आणि नाइन-बॉलचं नव्हे, स्ट्रेट पूलचं.

स्ट्रेट पूल हा जुना खेळ. टीव्हीने नाइन-बॉलला डोक्यावर घेण्याआधी अमेरिकेत विजेतेपदं याच खेळात ठरत. टेबलावर पंधरा बॉल. कोणताही बॉल घाला, पण कोणता आणि कुठल्या पॉकेटात ते आधी सांगा. प्रत्येक बॉलला एक गुण. चुकलात की खुर्चीत. चौदा बॉल गेले की पंधरावा असतो तिथेच राहतो, पांढरा असतो तिथेच राहतो, आणि गेलेले चौदा पुन्हा त्रिकोणात रचतात, टोकाची जागा रिकामी ठेवून. आता खेळाडूने तो एकटा उरलेला बॉल पॉकेटात घालायचा, आणि त्याच फटक्यात पांढऱ्या बॉलने बाजूचा त्रिकोण फोडायचा, म्हणजे पुढचे बॉल मोकळे होतील. या उरलेल्या बॉलला ‘ब्रेक बॉल’ म्हणतात. तो योग्य जागी उरावा म्हणून अजून पाच-सहा बॉल टेबलावर असतानाच ठरवावं लागतं: हा ठेवायचा, हा त्याच्या आधीचा, आणि त्याच्या आधीचा तो. उलट्या क्रमाने विचार करत यायचं. त्रिकोण फार जोरात फोडला तर पांढरा बॉल भरकटतो, हळू फोडला तर गठ्ठ्यात अडकतो. विली मॉस्कोनीने १९५४ मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये एका प्रदर्शनी सामन्यात न चुकता ५२६ बॉल घातले. तो आकडा साठहून अधिक वर्षं कोणाला अधिकृतपणे ओलांडता आला नाही. २०१९ मध्ये जॉन श्मिटने ६२६ आणि २०२२ मध्ये जेसन शॉने ७१४ केले, तेव्हा कुठे तो मागे पडला.

नाइन-बॉलमध्ये नऊ नंबरचा बॉल योगायोगाने पडूनही रॅक मिळतो. स्ट्रेट पूलमध्ये असा प्रसाद मिळत नाही. सांगितलेला बॉल सांगितलेल्या पॉकेटातच गेला पाहिजे. देखणे, लांबचे फटके इथे क्वचित लागतात. लागते ती लहान लहान फटक्यांची साखळी, पांढऱ्या बॉलची वीतभराची हालचाल, आणि तासभर न ढळणारं लक्ष. म्हणजे फेयेनजवळ जे होतं, नेमकं तेच. जागतिक स्पर्धा म्हणून हा खेळ २००६ पासून पुन्हा सुरू झाला होता. पहिल्या वर्षी थोर्स्टन होमान, दुसऱ्या वर्षी ओर्टमान, दोघंही जर्मन. २००८ मध्ये अमेरिकेत जाऊन, अमेरिकेच्याच जुन्या खेळात, फेयेनने ते विजेतेपद घेतलं. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. टोकियो मागे पडून सात वर्षं झाली होती. फुजैराचे दोन पराभव अजून यायचे होते आणि दोहाला अजून सहा वर्षं होती.